भाऊसिंगजी रोडवरचे हॉटेल

कोल्हापुरातले सर्वांत देखणे हॉटेल कोणते, असे विचारले तर जुने कोल्हापूरकर आजही रंकाळ्याकडे बोट दाखवतात. तलावाच्या काठावरचा शालिनी पॅलेस 1931 ते 1934 या काळात बांधला गेला. राजकन्या शालिनीराजे यांचे नाव त्याला दिले गेले. काळ्या दगडाच्या भव्य कमानी, इटालियन संगमरवर, राजचिन्ह कोरलेल्या बेल्जियमच्या काचा आणि वर घड्याळाचा मनोरा. 1987 मध्ये या राजवाड्याचे हॉटेल झाले आणि राजवाड्यातले तारांकित हॉटेल म्हणून कोल्हापूरचे नाव पर्यटकांच्या तोंडी आले. पुढे ते हॉटेल बंद पडले. संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला येणारे लोक आता ती इमारत लांबूनच पाहतात.

पण या शहराच्या इतिहासातले सर्वांत मोठे हॉटेल कोणते, असा प्रश्न असेल तर उत्तर बदलते. त्या हॉटेलला ना मनोरा होता, ना संगमरवर. ते होते भाऊसिंगजी रोडवरचे एक साधे चहाचे दुकान. मालकाचे नाव गंगाराम कांबळे. हॉटेलचे नाव सत्यशोधक हॉटेल. आणि त्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते करवीर संस्थानचे अधिपती, राजर्षी शाहू छत्रपती.

ही गोष्ट कोल्हापूरकरांना नवी नाही. तरीही रमजानच्या पानावर ती सांगावीशी वाटते, कारण हा महिना भुकेचा, तहानेचा आणि दस्तरखानाचा आहे. कोणाच्या हातचे पाणी कोणी प्यायचे, कोणाच्या शेजारी कोणी बसायचे, हा प्रश्न या महिन्यात रोज संध्याकाळी समोर येतो.

मुसाफिराचा वाटा

रमजानच्या रोजांविषयी बिगरमुस्लिम मित्र बरेच काही विचारतात. त्यांना एका गोष्टीचे नेहमी नवल वाटते, ते म्हणजे प्रवाशाला असलेली सवलत. प्रवासात असलेल्या माणसाने रोजा सोडला तरी चालतो. राहिलेले रोजे त्याने नंतर पूर्ण करावेत, अशी कुरआनची आज्ञा आहे. जकातीचेही तसेच. बहुतेक मुस्लिम घरांत वर्षाची जकात रमजानमध्येच काढली जाते. ती कोणाला द्यायची, याचे आठ प्रकार कुरआनात सांगितले आहेत. गरीब, गरजू, कर्जात बुडालेले यांच्याबरोबर त्या यादीत मुसाफिरही आहे. घरी तो सुखवस्तू असेलही. पण परमुलखात, पैसा संपलेला, ओळखीचे कोणी नाही, अशा अवस्थेत तो हक्कदार ठरतो.

या विचारातून मुस्लिम जगात वाटोवाट सराया उभ्या राहिल्या. आपल्याकडे सोळाव्या शतकात शेरशहा सूरीने रस्त्यांच्या कडेने सतराशे सराया बांधल्याचे इतिहासकार लिहितात. हिंदू परंपरेत धर्मशाळा आणि अन्नछत्रे होतीच. अंबाबाईच्या या नगरीत तर दूरदूरचे यात्रेकरू शतकानुशतके येत आले आहेत आणि त्यांच्या मुक्कामाची सोय करणे हे पुण्यकर्म मानले गेले आहे.

मात्र या सगळ्या आतिथ्यात एक गोम होती. शेरशहाच्या सरायांतही हिंदूंची आणि मुसलमानांची राहण्या-खाण्याची व्यवस्था वेगळी असे. धर्मशाळा जातीजातींच्या असत आणि काहींना तर कोणत्याच धर्मशाळेचे दार उघडे नसे. पुढे रेल्वे आली. एकाच डब्यात सगळे बसले, पण स्टेशनवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुस्लिम पाणी’ अशा आरोळ्या उठत राहिल्या. छप्पर द्यायला माणसे तयार होती. एका घागरीतले पाणी द्यायला तयार नव्हती.

चहा बाटवत असे

आज गल्लीच्या तोंडावर उभे राहून आपण ‘एक कटिंग’ म्हणतो, तेव्हा हा चहा एके काळी किती धोक्याचा होता हे लक्षात येत नाही. ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. ही बातमी फुटली आणि पुण्यात मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही त्यापायी ग्रामण्याला तोंड द्यावे लागले. एक कप चहा, पण तो मिशनऱ्यांच्या घरचा. एवढ्यावरून शहराचे पुढारी प्रायश्चित्ताच्या चर्चेत अडकले.

ज्यांच्या हातचा चहा कोणी घेत नसे, त्यांची अवस्था याहून कितीतरी कठीण होती. 1917 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातले शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीसाठी गेले. एवढ्या मोठ्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी ते एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. त्यांनी एका हिंदू मित्राकडे आणि एका ख्रिस्ती मित्राकडे आसरा मागितला. दोघांनीही असमर्थता दाखवली. बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईला निघाले. महाराज सयाजीराव पुरोगामी होते, नोकरी त्यांच्याच दरबारात होती, तरीही त्या शहरात एक खोली मिळाली नाही. राजा चांगला असला म्हणजे रयतेचे दार उघडतेच असे नाही.

कोल्हापुरात त्याच सुमारास जे घडत होते, ते या पार्श्वभूमीवर पाहायला हवे.

वसतिगृहांचे गाव

शाहू महाराजांनी 2 एप्रिल 1894 रोजी राज्यकारभार हाती घेतला. खेड्यापाड्यांतली मुले शिकावीत, तर आधी त्यांना शहरात राहायला जागा हवी, हे त्यांच्या लक्षात आले. 1896 मध्ये राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह निघाले. पण तिथे हळूहळू एकाच जातीच्या मुलांचा वरचष्मा झाला. मग महाराजांनी वेगळी वाट धरली. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग, 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग, 1907 मध्ये लिंगायत बोर्डिंग, 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पुढे शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, ख्रिश्चन अशा कितीतरी समाजांची वसतिगृहे उभी राहिली. विद्यार्थी वसतिगृहांची जननी, असे कोल्हापूरला म्हणतात ते यामुळेच.

दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगची जन्मकथा आमच्या घराघरांत सांगितली जाते. शिक्षणासाठी मुस्लिम समाजातून पुढाकार दिसेना, तेव्हा महाराजांनी स्वतःच शहरातल्या मुस्लिम मंडळींची बैठक बोलावली. 15 नोव्हेंबर 1906 रोजी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. मुस्लिम शिक्षणसंस्थेचा पहिला अध्यक्ष हिंदू राजा, ही गोष्ट त्या काळात कोणाला खटकली नाही. कुरआनाचा मराठी अनुवाद व्हावा म्हणून याच राजाने पंचवीस हजार रुपये खर्चण्याची तयारी दाखवली. आपल्या मुसलमान प्रजेला आपला धर्म आपल्या बोलीभाषेत वाचता यावा, एवढाच त्यामागचा हेतू.

ही सगळी बोर्डिंगे जातवार आणि धर्मवार होती, असा आक्षेप आज कोणी घेईल. तो खरा आहे. प्रत्येकाला छप्पर मिळाले, पण प्रत्येकाचे छप्पर वेगळे होते. महाराजांना हे कळत नव्हते असे नाही. वेगळी छपरे ही सुरुवात होती, शेवट नव्हता. पुढचे पाऊल होते एका बाकावर बसण्याचे. आणि ते पडले एका मोतद्दाराच्या हॉटेलात.

पागेतला हौद

गंगाराम कांबळे महाराजांच्या पागेत मोतद्दार होते. घोड्यांची निगा राखणे हे त्यांचे काम. पागेत पाण्याचा हौद होता. त्या हौदाला अस्पृश्यांनी शिवायचे नाही, असा रिवाज. महाराज परगावी असताना गंगाराम यांचा त्या पाण्याला हात लागला. झाले! इतर नोकरांनी त्यांना गाठून बेदम मारले.

महाराज परतल्यावर गंगाराम आपल्या माणसांसह सोनतळीच्या कॅम्पवर गेले आणि पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांचा संताप अनावर झाला. मारणाऱ्यांना त्यांनी स्वतः चाबकाने शिक्षा केली. पण त्यांना ठाऊक होते की आज चाबूक चालेल, उद्या आपण नसताना पुन्हा तोच हौद आणि तीच मारहाण. त्यांनी गंगाराम यांना नोकरीच्या बंधनातून मोकळे केले, हातात पैसे दिले आणि स्वतःचा धंदा करायला सांगितले.

गंगाराम यांनी धंदा निवडला तो हॉटेलचा. ज्या माणसाने पाण्याला हात लावला म्हणून मार खाल्ला, तोच माणूस आता भर शहरात लोकांना पाणी आणि चहा देणार होता. नाव ठेवले सत्यशोधक हॉटेल, महात्मा फुले यांच्या समाजाचे नाव. जागा कुठल्या कोपऱ्यातली नव्हती. भाऊसिंगजी रोड म्हणजे शहराची मध्यवस्ती.

पाटी लागली, चूल पेटली. पण गिऱ्हाईक येणार कोठून? महाराच्या हातचा चहा प्यायचा, तर गल्लीत, भावकीत, सोयरिकीत काय उत्तर द्यायचे? दुकान थाटायला भांडवल लागते आणि ते महाराजांनी दिले होते. पण दुकान चालायला गिऱ्हाईक लागते आणि ते कोणत्याही खजिन्यातून काढून देता येत नाही.

महाराजांनी मग जे केले ते अगदी साधे होते. ते खडखड्यात बसून शहरात फेरी मारायला निघत. वाटेत गंगाराम यांच्या हॉटेलासमोर गाडी थांबवत, चहा मागवत आणि भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत तो पीत. खडखड्यात बरोबर असलेल्या सरदार-अधिकाऱ्यांनाही, मग ते कोणत्याही जातीचे असोत, तोच चहा घ्यावा लागे. राजा पितोय म्हटल्यावर नाही म्हणायची कोणाची छाती? हळूहळू लोक येऊ लागले.

याच काळात, 1919 मध्ये, महाराजांनी संस्थानात हुकूम काढला की सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा आणि सरकारी इमारतींत कोणालाही अस्पृश्य म्हणून मज्जाव करायचा नाही. हुकूम कागदावर होता. भाऊसिंगजी रोडवरच्या हॉटेलात तो कपबशीतून दिला जात होता. 21 आणि 22 मार्च 1920 रोजी माणगावला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली, तिला महाराज स्वतः हजर राहिले. बडोद्यात खोली न मिळालेल्या माणसाचे कोल्हापूरच्या मुलखात असे स्वागत झाले.

6 मे 1922 रोजी महाराज गेले. त्यानंतर कोल्हापुरात त्यांचे पहिले स्मारक उभे राहिले ते नर्दुल्ला बागेत. ते कोणा सरदाराने किंवा संस्थानिकाने उभारले नाही. गंगाराम कांबळे आणि त्यांच्या दलित बांधवांनी पुढाकार घेऊन ते उभारले. राजाने प्यायलेल्या चहाचे मोल त्या माणसाने असे लक्षात ठेवले.

दौलताबादचा हौद

ही गोष्ट इथे थांबवली, तर ती ऐकून आम्हा मुसलमानांना बरे वाटेल. अस्पृश्यता हा दुसऱ्यांचा दोष, आमच्यात तर मशिदीत राजा आणि रंक एका रांगेत उभे राहतात, असे आम्ही नेहमी म्हणतो. मशिदीतली रांग खरी आहे. पण मशिदीबाहेरचा एक हौदही खरा आहे आणि तो रमजानच्या महिन्यातला आहे.

1934 मध्ये बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. मुलूख निजामाचा, महिना रमजानचा. प्रवासाने सगळे धुळीने माखले होते. किल्ल्याच्या दारालगत पाण्याने भरलेला हौद होता. त्यात त्यांनी हातपाय आणि तोंड धुतले. तेवढ्यात एक पांढऱ्या दाढीचा वृद्ध मुसलमान ओरडत आला, की यांनी हौद बाटवला. बघता बघता जमाव गोळा झाला, शिवीगाळ सुरू झाली. तुमचा धर्म हेच शिकवतो का, उद्या यांच्यातला एखादा मुसलमान झाला तर त्यालाही पाणी नाकाराल का, असे बाबासाहेबांनी विचारले, तेव्हा जमावाकडे उत्तर नव्हते. अखेर किल्ला पाहू दिला, पण एक सशस्त्र शिपाई बरोबर दिला; त्यांनी आतल्या पाण्याला हात लावू नये म्हणून.

रोजा ठेवलेल्या माणसाला तहान म्हणजे काय हे कळते, असे आम्ही म्हणतो. त्या दिवशी जमावातल्या अनेकांना रोजा असेल. घसा कोरडा होता आणि तरीही पाण्याची राखण चालली होती. कोल्हापूरच्या पागेतला हौद आणि दौलताबादचा हौद यांत मला काही फरक दिसत नाही. तहान शिकवते हे खरे, पण ज्याला शिकायचे आहे त्यालाच.

राज्यघटनेतले हॉटेल

बाबासाहेबांनी हे अनुभव विसरून टाकले नाहीत. 26 जानेवारी 1950 रोजी जी राज्यघटना अमलात आली, तिचे पंधरावे कलम जरूर वाचावे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेश करण्यास आणि विहिरी, तलाव, घाट, रस्ते वापरण्यास आडकाठी करता येणार नाही, असे त्यात सांगितले आहे. एवढ्या मोठ्या देशाच्या सर्वोच्च कायद्यात हॉटेल आणि विहीर यांचा उल्लेख नावानिशी का यावा? कारण माणसाचा अपमान संसदेत होण्याआधी हॉटेलात आणि पाणवठ्यावर होतो. बडोद्याची धर्मशाळा, दौलताबादचा हौद आणि आपल्या भाऊसिंगजी रोडवरचे हॉटेल हे सगळे त्या कलमाच्या मागे उभे आहे.

आजचे गिऱ्हाईक

आता कोणी हौदाची राखण करत नाही. पण 7 जून 2023 रोजी याच शहरात मोबाईलवरच्या स्टेटसवरून दगड उडाले, इंटरनेट बंद करावे लागले, हे आपण सगळ्यांनी पाहिले. त्यानंतर आणि त्याआधीही मोबाईलवर संदेश फिरत आले आहेत, की अमक्याच्या दुकानातून माल घेऊ नका, तमक्याच्या हॉटेलात खाऊ नका. माझ्या ओळखीतल्या एका मुलाला शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात खोली हवी होती. फोनवर सगळे ठरले. आडनाव सांगितल्यावर खोली आधीच गेलेली निघाली. आमच्याही मोहल्ल्यांत सगळी दारे सगळ्यांना उघडी आहेत, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

अशा वेळी आपण काय करतो? इफ्तार पार्ट्या करतो. त्या चांगल्याच आहेत. मंडप पडतो, खजूर आणि फळे मांडली जातात, सर्व धर्मांचे पाहुणे येतात, फोटो निघतात. पण गंगाराम कांबळे यांची गोष्ट आपल्याला वेगळेच काही सांगते. शाहू महाराज त्यांना राजवाड्यावर बोलावून पंगतीला बसवू शकले असते. त्यात राजाचा मोठेपणा दिसला असता. त्यांनी तसे केले नाही. ते स्वतः गंगाराम यांच्या दारात गेले आणि त्यांच्या हातचा चहा मागितला. देणारा होणे सोपे असते, कारण देणाऱ्याचा हात वर असतो. घेणारा होण्यासाठी समोरच्याला आपल्या बरोबरीचा मानावे लागते.

आणि आणखी एक गोष्ट. महाराजांनी उपकार म्हणून चहा प्यायला नाही, गिऱ्हाईक म्हणून प्यायला. माणसाचा संसार दयेवर चालत नाही, गिऱ्हाइकावर चालतो. ज्याच्या दुकानात लोक येतात, त्याला गावात मान असतो. ज्याच्या दुकानाकडे लोक पाठ फिरवतात, तो गावात असूनही परका होतो. म्हणून बहिष्काराचा संदेश पुढे पाठवणारा माणूस दगड मारत नसला तरी कोणाची तरी चूल विझवत असतो. आणि तो संदेश वाचूनही नेहमीच्या दुकानात जाणारा माणूस, न बोलता, भाऊसिंगजी रोडवर खडखडा थांबवत असतो.

कोल्हापुरात हे अजून घडते, म्हणून हे शहर टिकून आहे. पेठांतल्या तालमींत पंजे बसतात तेव्हा खांदा देणारे हात एका धर्माचे नसतात. मंदिरापुढच्या फुलाच्या दुकानापासून मटणाच्या रश्श्यापर्यंत या शहराचा व्यवहार एकमेकांत इतका गुंतला आहे की तो उसवायला गेले तर सगळेच उघडे पडतील.

रमजानचे अजून काही दिवस बाकी आहेत. मुस्लिम वाचकांना एवढेच म्हणेन, की जकातीच्या यादीत मुसाफिर आहे आणि त्याची जात-धर्म त्या यादीत लिहिलेली नाही. या दिवसांत दुसऱ्या गावाहून आलेला कोणी आपल्या भागात खोली शोधत असेल, तर त्याचे आडनाव विचारण्याआधी त्याने पाणी प्यायले का, ते विचारावे. आणि इतर वाचकांना आग्रह असा, की यंदा इफ्तारच्या निमंत्रणाची वाट पाहू नका. मगरिबच्या सुमारास कुठल्याही मुस्लिम वस्तीत जा, एखाद्या छोट्या हॉटेलात बसा, चहा मागवा आणि त्याचे पैसे द्या.

पैसे मात्र नक्की द्या. पाहुणे म्हणून आलात तर आनंदच आहे. गिऱ्हाईक म्हणून आलात तर आधार वाटेल.